गळा आमचा, गल्ला कोणाचा?

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापुराकडून तुळजापुरास पायी जाणाऱ्या माणसांची रीघ आमच्या तामलवाडीवरून जाते. कपाळी मळवट, गळ्यांत कवड्यांची माळ, हातांत पेटता पोत, अशी आराधी मंडळी गात गात पुढे सरकतात. कोठे संबळ घुमतो, कोठे तुणतुणे वाजते, कोठे एखादा हलगीवाला रस्त्याच्या कडेस पाचट पेटवून कातडे तापवीत बसलेला दिसतो. हे सर्व ज्या रस्त्यावर चालते त्याच रस्त्यावर टोलनाका आहे. रस्ता बांधण्यास पैसा लागला, सबब जो रस्ता वापरील त्याने दाम मोजावा, असा तेथील कायदा आहे व तो सर्वांस मान्य आहे. गाण्याच्या रस्त्यावरही असाच एक नाका बसलेला आहे व तेथेही रात्रंदिवस वसुली चालू असते. भेद इतकाच की तेथे गल्ल्यावर बसलेला माणूस रस्ता बांधणारा नव्हे. बांधणारा बिचारा कडेला हलगी तापवीत बसला आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही.

वाचकहो, गाणाराच्या व वाजविणाराच्या कष्टांतून मोल कसे निर्माण होते आणि ते कोणाच्या पदरी पडते, याचा हिशेब आज मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ज्वारीचा, सोयाबीनचा, कांद्याचा हिशेब आपण मांडतो. आडत किती, हमाली किती, तोलाई किती, हे आता लहान पोरासही ठाऊक झाले आहे. परंतु आपल्याच घरांतून निघणाऱ्या या पिकाचा हिशेब आपण आजवर मांडलाच नाही. गाणे म्हणजे देवाची देणगी, तिचे मोल काय करावयाचे, असे म्हणून आपण गप्प बसतो. देणगी देवाची असेलही. परंतु दुकान माणसाचे आहे आणि त्या दुकानांत कोणतीही वस्तू फुकट मिळत नाही.

प्रथम हे पाहू की मोल कोठे उपजते. लग्नाची वरात निघाली, पत्रिका छापली, मांडव घातला, जेवणावळ झाली. पण हलगी कडाडल्याशिवाय पोरांचे पाय उचलत नाहीत. जागरण-गोंधळ ठरला, तर यजमानाच्या घरी रात्रभर पाहुणे बसून राहतात ते गोंधळ्याच्या कथेसाठी. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन परंपरा आहेत. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. शेकडो कवने आणि आख्याने यांना तोंडपाठ असतात. कोणत्या आख्यानाला कोणता ठेका, झीलकऱ्याने सूर कोठे उचलावा, पेंगणारा श्रोता कोणत्या विनोदाने जागा करावा, हे सर्व शिक्षण बापाच्या मागे उभे राहून दहा-पंधरा वर्षे झील धरल्यावर येते. परभणीचे राजारामभाऊ कदम यांना लोक गोंधळमहर्षी म्हणत ते काही कोणा विद्यापीठाच्या पदवीमुळे नव्हे. हलगीचे तेच. कातडे कमवावे, कड्यावर ताणावे, हवा दमट झाली की शेकावे, उजव्या हाताची टिपरी आणि डाव्या हाताची काडी यांचा मेळ बसवावा. यास आम्ही कारागिरी म्हणतो. सुताराचा रंधा व कुंभाराचे चाक ज्या मोलाचे, त्याच मोलाची ही टिपरी आहे.

येथे सत्यशोधकी विचाराचा एखादा वाचक आम्हांस विचारील की, गोंधळ-जागरणाने देव पावतो असे का तुम्हांस म्हणावयाचे आहे? मुळीच नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून देव व माणूस यांच्यामध्ये दलाल नको असे सांगितले, ते आम्हांस शिरोधार्य आहे. देव कोणास पावतो हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. आम्ही बोलतो आहो ते रात्रभर उभे राहून गाणाऱ्या माणसाच्या मजुरीबद्दल. शिवाय देवाच्या दारचा दलाल नको, तर मग गाण्याच्या दारचा दलाल का असावा? शिकवण एकच आहे. जागा तेवढी निराळी.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. हलगी, डफ, सनई ही आपल्या गावगाड्यांत जातीच्या गळ्यांत बांधलेली कामे होती. मयत झाली, वाजव. पाटलाच्या घरी लग्न निघाले, वाजव. देवीची पालखी निघाली, वाजव. मात्र देवळाच्या पायरीखाली उभा राहून वाजव. मोबदला म्हणाल तर शिळी भाकरी आणि सुगीतले मूठभर बलुते. १९२७ च्या महाड परिषदेनंतर डॉ. आंबेडकरांच्या शिकवणीने पुष्कळ गावांतील बांधवांनी मेलेली ढोरे ओढणे टाकले, शिळे तुकडे टाकले आणि त्याबरोबर वाजविणेही टाकले. त्यांनी योग्यच केले. हुकमाने वाजवावयाचे असेल तर ती हलगी जाळून टाकलेली बरी. परंतु आज कोणी तरुण आपल्या खुषीने, आपल्या दराने, आपल्या नावाने हलगी वाजवीत असेल तर तो बलुत्याचा गुलाम नव्हे, तो कलेचा धनी आहे. या दोहोंतील अंतर टिकते ते तीन गोष्टींवर: दर कोण ठरवितो, नाव कोणाचे लागते, आणि नाही म्हणण्याची मोकळीक आहे की नाही. या तीन गोष्टी नसतील तर बलुते मेले नाही, त्याने नुसता सदरा बदलला असे समजावे.

आपल्या चळवळीला गाण्याची ही ताकद पूर्वीच कळली होती. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा रचून प्रसिद्ध केला. पुढे सत्यशोधक जलशांनी खेडोपाडी ढोलकी-तुणतुण्यावर जे काम केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. नंतर आंबेडकरी जलसे आले. आपल्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. या मंडळींचा गळा स्वतंत्र होता. कोणा शेटजीच्या पेढीवर तो गहाण नव्हता. पण स्वतंत्र गळ्याची किंमतही त्यांनी मोजली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते रचली, ती महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत आजही गाइली जातात. परंतु स्वतः दादांनी जन्मभर फकिरीच भोगली. पठ्ठे बापूराव तर जातीने ब्राह्मण, रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. पण आमच्या तमाशाच्या फडांत शिरले, आमच्याच कलावंतांत मिसळले, आणि १९४५ साली पुण्यांत हलाखीत वारले. त्यांच्या लावण्यांवर किती थिएटरे भरली व किती मालकांचे गल्ले भरले, त्यास गणती नाही. तात्पर्य, हा अन्याय जातीचा तर आहेच, पण तो धंद्याच्या रचनेचाही आहे. जो कोणी या रचनेच्या तळाशी उभा राहील तो भरडला जातो.

आता ही रचना पाहू. १९०२ साली हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या भरण्यास प्रारंभ झाला. तोपर्यंत गाणे ऐकावयाचे तर गाणारास बोलवावे लागे. तबकडी आल्यावर गाणारा घरी आणि गाणे बाजारांत, असे झाले. पुढची कित्येक दशके हा बाजार मुख्यत्वे एका मोठ्या कंपनीच्या मुठीत होता व तिच्या दाराशी खेड्यातील गाणाराची दाद क्वचितच लागे. १९८० नंतर कॅसेट आली. कॅसेट भरणे स्वस्त, विकणे सोपे; त्यामुळे लहान लहान कंपन्या निघाल्या आणि प्रल्हाद शिंद्यांसारखा पहाडी आवाज रसवंतीच्या गुऱ्हाळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचला. कॅसेटने आपल्या लोकांचा आवाज घरोघर नेला हे तिचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु वहिवाट अशी पडली की, गाणाराने एक रक्कम घ्यावी, कागदावर सही करावी आणि घरी जावे. मग कॅसेट हजार खपो की लाख खपो, त्याचा संबंध तुटला. उभे पीक फुलोऱ्यांत असतानाच व्यापाऱ्याला उक्ते देऊन टाकण्यासारखे हे झाले. ज्यास उद्याच्या भाकरीची चिंता आहे तो उक्ते देतोच. घेणारा हे जाणून असतो.

हल्ली कॅसेट गेली व मोबाईल आला. आता गाणाराला मुंबईच्या दारात ताटकळावे लागत नाही. शेतांतल्या बांधावर उभे राहून गाइले तरी ते यूट्यूबवर जगभर जाते. एकतारी घेऊन दारोदार भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात याच मार्गाने साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या बंजारा तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ साली देशभर वाजले. शब्द त्याचे, गळा त्याचा. ही आनंदाची गोष्ट आहे. कोणाच्या ओळखीवाचून, कोणाच्या पाया पडल्यावाचून मार्ग निघू शकतो हे तिने दाखविले. परंतु एका शेतकऱ्याच्या विहिरीस पाणी लागले म्हणून गावाचा दुष्काळ हटत नाही. सबब नियम समजून घेऊ.

यूट्यूबवर गाण्यासोबत जाहिरात दाखवितात. पूर्ण लांबीच्या चित्रफितीवरील त्या जाहिरातीच्या शंभर रुपयांपैकी ४५ रुपये यूट्यूब ठेवते व ५५ रुपये चॅनेलच्या मालकास देते. तोही हिस्सा लगेच सुरू होत नाही. चॅनेलला १,००० वर्गणीदार आणि वर्षभरांत ४,००० तासांचे पाहणे (अथवा ९० दिवसांत लहान चित्रफितींची १ कोटी दर्शने) झाल्यावर सुरू होतो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की, बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्यास रॉयल्टीचा पैसाच मिळणार नाही. म्हणजे लहानाचे थेंब थेंब पाणी मोठ्याच्या हौदांत! परंतु याहून महत्त्वाचा शब्द वर येऊन गेला, तो म्हणजे ‘चॅनेलचा मालक’. पंचावन्न रुपये गाणारास मिळत नाहीत, मालकास मिळतात. आपल्या भागांतील आराधी गीते, जोगव्याची पदे, हलगीचे ताल ज्या चॅनेलांवर आहेत त्यांपैकी किती चॅनेले गाणारांची आहेत, हे वाचकांनी एकदा आपल्या मोबाईलवर उघडून पाहावे.

आमच्याकडे या भागांतील एक तरुण गायक आला होता. त्याने एका शहरांतील ध्वनिमुद्रणाच्या दुकानी आपली चार गाणी भरली. रचना त्याची, चाल त्याची. हातांत काही हजार रुपये पडले, एका इंग्रजी कागदावर सही झाली. पुढे त्याने तीच गाणी मेळ्यांत गाऊन स्वतःच्या चॅनेलवर टाकली, तर ‘ही दुसऱ्याची मालमत्ता आहे’ अशी सूचना आली व जाहिरातीचा पैसा दुसरीकडे वळला. स्वतःच्या लेकराला कडेवर घेतले म्हणून चोर ठरावे, तसे त्याचे झाले. कागदांत काय लिहिले होते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “साहेब, वाचून कोणी दाखविलंच नाही.” जोतीरावांनी ‘विद्येविना’ म्हणून जो अनर्थ सांगितला तो हाच. पूर्वी सावकाराचे खत वाचता येत नव्हते म्हणून जमीन गेली; आता करार वाचता येत नाही म्हणून गाणे जाते.

यास्तव कायदा काय म्हणतो हे आम्ही साध्या शब्दांत सांगतो. गाण्यांत वेगवेगळ्या मालक्या असतात. शब्दांचा हक्क लिहिणाराचा, चालीचा हक्क चाल बांधणाराचा, ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः पैसा घालून ते तयार करणाराचा. आणि गाणारा-वाजविणारा याचा ‘कलाकाराचा हक्क’ निराळा. शब्द व चाल यांवरील हक्क रचणाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क मिळण्यास नोंदणीची सक्ती नाही. रचना कागदावर वा मुद्रणांत उतरली की हक्क उपजतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करार व सही लागते. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. १९५७ च्या या कायद्यांत २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. तीप्रमाणे, चित्रपटांत वा ध्वनिमुद्रणांत वापरलेल्या गाण्याच्या कवीला व संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा जो हक्क आहे, तो त्याला वारस अथवा कलावंतांची अधिकृत संस्था यांखेरीज कोणालाही सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतले असले तरी ते लिहिणे फोल आहे. व्यापारी उपयोगासाठी कला सादर झाली तर कलाकारासही रॉयल्टी सांगितली आहे. कवी व संगीतकार यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे; गायकांची संस्थाही २०१३ पासून नोंदलेली आहे. कायदा आहे, संस्था आहे. पण तामलवाडीच्या हलगीवाल्यापर्यंत त्याची बातमी नाही. पाटाचे पाणी शिवारांत आले, पण आपल्या वाफ्याचे दार कोणी उघडावयाचे?

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. परंपरेच्या पदांवर व चालींवर कोणा एकाची मालकी नाही आणि नसावी. ती बहुजनांची सामायिक गायराने आहेत. परंतु गायरान सर्वांचे म्हणून एकट्या धनदांडग्याने कुंपण घालावे हे चालणार नाही. कंपनीने पद उचलावे, ‘पारंपरिक’ असे छापावे, गाणाराचे नाव बारीक अक्षरांत टाकावे आणि संबळ वाजविणाराचे टाकूच नये, ही रीत पडली आहे. घराण्याच्या उस्तादाला नाव असते. आमच्या झीलकऱ्याला नसते. याउलट एक चांगले उदाहरण पाहा. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या हल्ली ‘पारी’ या संस्थेने प्रसिद्ध केल्या असून तेथे ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले आढळते. आयाबायांची जन्मभर अनामिक राहिलेली वाणी त्यांच्या नावावर लागली. जे ओवीस साधते ते आराध्याच्या पदास का साधू नये?

आता स्वतःकडे वळू. कारण दुसऱ्याकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे असतात. समजा, सहा जणांच्या मेळ्याची सुपारी १५,००० रुपये ठरली. त्यांत गाडीभाडे ३,००० गेले. कातडे, तारा, चहापाणी १,२०० गेले. राहिले १०,८००, म्हणजे माणशी १,८००. यासाठी जाण्यायेण्यासह दोन दिवस मोडले, रात्र जागली, आणि काम मिळते ते लग्नसराई, नवरात्र व जत्रांच्या दिवसांत. या पंधरांतूनही यजमान दोन हजार तोडतो. “तुमचं काय जातंय, वाजवायचंच तर आहे!” असे वर ऐकवितो. तोच यजमान डॉल्बीच्या भिंतीस मागेल ती रक्कम इसारासह मोजतो. डॉल्बीवर वाजते काय, तर हलगीचाच ताल, आमच्याच चाली, कोणीतरी यंत्रांत भरलेल्या! भिंत थरथरते, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, आणि ज्याची हलगी त्याला जेवणाच्या शेवटच्या पंक्तीस बसवितात. काही ठिकाणी तर पंक्तीबाहेर बसवितात, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. करताना करणारास वाटत नाही.

सरकार वृद्ध कलावंतांस मानधन देते. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. ते पात्र माणसांनी अवश्य घ्यावे. तो उपकार नव्हे, देणे आहे. परंतु म्हातारपणी मानधन द्यावयाचे आणि तरुणपणी मजुरी बुडवावयाची, हा न्याय आम्हांस उमगत नाही. ज्याचे त्याला वेळेवर मिळाले तर म्हातारपणी हात पसरावा लागणार नाही.

सबब आमच्या सूचना अशा. पहिली, मेळ्याचा दर मेळ्याने ठरवावा व पंचक्रोशीतल्या मेळ्यांनी एकत्र बसून एकमेकांचा भाव पाडू नये. दुसरी, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. मुदत, प्रदेश, वाटा व नाव या चार गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात. तिसरी, चॅनेल मेळ्याच्या नावे असावे व त्याची किल्ली मेळ्यातील घरांकडेच राहावी. शिकलेली पोरेपोरी घरोघर आहेत, त्यांनी हे काम उचलावे. चौथी, गाण्याखाली प्रत्येकाचे नाव व गाव लिहावे, झीलकऱ्याचे व हलगीवाल्याचेही. आराधी बायांच्या नावाने पैसा घेणाऱ्या पुरुषांनी तो बायांच्या हाती द्यावा. पाचवी सूचना यजमानांस: सुपारी ठरली ती पुरी द्यावी, इसार आधी द्यावा आणि वाजविणारास पहिल्या पंक्तीस बसवावे. यांतल्या एकाही गोष्टीस सरकारचा हुकूम लागत नाही.

पुढच्या आश्विनांत ही रीघ पुन्हा तामलवाडीवरून जाईल. पोत पेटतील, संबळ घुमेल, शेकडो मोबाईल वर उचलले जातील आणि ते गाणे पहाटेच्या आत कोठल्या कोठे पोहोचेल. त्या वेळी मोबाईल वर धरणाऱ्या प्रत्येकाने गाणाराला त्याचे नाव विचारावे व ते गाण्याखाली लिहावे. आणि गाणाराने आपले नाव खणखणीत सांगावे. गाव सांगावे, दरही सांगावा. त्यांत लाजण्याजोगे काही नाही.